रंगूबाईच्या गुळण्या

खरं बोलून बोलून माणूस किती दमतं, हे बघायचं असेल तर आमच्या पिंपळमाळच्या रंगूबाईकडे बघावं. शहाण्णव पोरांची खिचडी शिजवून ती कधी दमली नाही. नवरा मुंबईला, टँकर दिवसाआड, दोन शेळ्या सदा गाभण. यातल्या कशाचा तिला कंटाळा आला नव्हता. पण या उन्हाळ्याच्या तोंडावर तिने दीड महिना गावाला एकच वाक्य ऐकवलं, "आवं, म्या मिश्री सोडलीया," आणि गावाने दीड महिना तिच्या दातांकडे बघून मान हलवली.

पिंपळमाळ दहिवडीपासून एसटीने तासाभरावर. एसटी आली तर. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रंगूबाई अकरा वर्षं पोषण आहार शिजवते. हाताखाली मदतनीस म्हणून अख्तरबी. दोघींचं वय सारखंच, पन्नाशीच्या अलीकडचं की पलीकडचं हे दोघींनी मिळून गुपित ठेवलंय. फरक एकच. रंगूबाई लग्न होऊन आली त्या वर्षापासून तव्यावर तंबाखू भाजून दातांना मिश्री लावायची, आणि अख्तरबीला त्या भाजणीचा वास आला तरी ठसका लागायचा. "तुझ्या तोंडाला मसणाचा वास येतो गं," असं ती रोज सकाळी म्हणायची आणि मग दोघी तांदूळ निवडायला बसायच्या.

तीस वर्षांच्या मिश्रीने अखेर हिशेब मागितला. रंगूबाईच्या हिरड्या सुजल्या, भाकरीच्या तुकड्यावर रक्त दिसायला लागलं, आणि पुढचे दोन दात दारावरच्या कडीसारखे हलायला लागले. अख्तरबीने तिला हाताला धरून दहिवडीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. पल्लवी मॅडम म्हणून एक तरुण डॉक्टरीण आहे. तिने तोंडात आरसा घालून बघितलं आणि सांगितलं, "मावशी, मिश्री आजपासून बंद. नाहीतर वर्षभरात कवळी." रंगूबाईने त्याच दिवशी मिश्रीची डबी एसटीच्या खिडकीतून बाहेर टाकली. डबी चांगली पितळेची होती. तीस वर्षांत तिने टाकून दिलेली ती पहिलीच वस्तू असावी.

मग हिरड्या खोलवर साफ करणं झालं. दोन खेपा. वर एक कॅप्सूल, एक मोठी पांढरी गोळी आणि गुळण्या करायचं लाल औषध. गोळीने पहिल्याच दिवशी जिभेवर गंजका खिळा ठेवल्यासारखी चव आली. कॅप्सूलने तिसऱ्या दिवशी पोट असं ढिलं केलं, की वाटाणा शिजत ठेवून बाई तीन वेळा शेताकडे पळाली. पण गोळ्या पाच दिवसांत संपल्या आणि ते प्रकरण मिटलं. मिटलं नाही ते गुळण्यांचं.

मॅडमनी पंधरा दिवस सांगितले होते. आणखीही बरंच सांगितलं होतं. चहा पिऊन लगेच गुळणी करू नका, दातांवर डाग येतील, चव जाईल, घाबरू नका. पण ते सांगितलं तेव्हा रंगूबाईचा अर्धा जबडा बधिर होता, कानात मशिनची घरघर होती, आणि ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मान हलवणं म्हणजे कळणं असं डॉक्टर लोक का धरून चालतात कोण जाणे. आमच्याकडे मान हलवतात ती समोरच्याने लवकर थांबावं म्हणून.

शिवाय मिश्री सुटली तरी मिश्रीची वेळ सुटेना. सकाळी उठलं की बोट आपोआप दातांकडे जायचं. मग त्या बोटाच्या समाधानासाठी गुळणी. दुपारी भांडी घासून झाली की गुळणी. पंधरा दिवस झाले, बाटली संपली, रक्त थांबलं. रंगूबाईने विचार केला की थोड्याने एवढा गुण आला तर जास्तीने दात पोरीसारखे होतील, आणि मेडिकलमधून आणखी दोन बाटल्या आणल्या. वर चहा चालूच होता, कोरा, दिवसाला पाच.

महिन्याभरात दात तपकिरी झाले. मग काळपट. हिरड्या गुलाबी, घट्ट आणि दात मिश्रीवाल्या बाईचे!

"लावायला लागलीस व्हय पुन्यांदा?" शेजारच्या दीपमालाने पहिला प्रश्न विचारला.

"न्हाई गं, औषधाचा डाग हाय."

"औषदानं दात पांढरं हुत्यात, काळं न्हाई. आमाला शिकीवतीस?"

हे संभाषण रंगूबाईने किरकोळ फरकाने गावातल्या प्रत्येक बाईशी केलं. पहिल्या आठवड्यात ती शपथा घ्यायची. दुसऱ्या आठवड्यात चिडायची. नंतर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि त्यावरून गावाने ताडलं की नक्की लावते.

तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या औषधाने जिभेवरून आधी जाते ती खारट चव. पोरांच्या खिचडीचं मीठ रंगूबाई जिभेवर ठरवायची. वाटी-चमचा तिला ठाऊक नव्हता. आता ती चाखायची, तोंडात काहीच लागायचं नाही, म्हणून मूठभर घालायची. अख्तरबीला सांगावं तर ती रोजे धरत होती, चाखणार कशी? पोरं ताट पुढे ढकलायला लागली. पाण्याची टाकी दुपारपर्यंत रिकामी व्हायला लागली, आणि माण तालुक्यात पोरं तहान लागून घरी आली की ती बातमी टँकरच्या आधी पोचते.

त्यातच निरोप आला की पुढच्या सोमवारी तालुक्याहून माणसं तंबाखूमुक्त शाळेची तपासणी करायला येणार. मुख्याध्यापक वीरधवल सरांनी रंगूबाईचे दात बघितले आणि निरोपाचा कागद पुन्हा वाचून काढला. सर माणूस चांगला, फक्त कागदाला फार भितो. त्यांनी गुरुवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावली. विषय एकच: स्वयंपाकी बदलणे.

हे कळल्यावर रंगूबाई बुधवारी पुन्हा दहिवडीला गेली. एकटीच. एसटीच्या बाकावर बसून तिने तासभर काहीच केलं नाही, खिडकीबाहेर सुद्धा बघितलं नाही. पल्लवी मॅडमनी दात बघून कपाळावर हात मारला.

"मावशी, पंधरा दिवस म्हटलं होतं ना?"

"व्हय. गुण लय आला म्हनून..."

"आजपासून बंद. चव येईल दोन-तीन आठवड्यांत. डाग पॉलिश करून निघतील, पण आज नको, हिरड्या अजून नाजूक आहेत. पुढच्या महिन्यात या."

"म्हैना?" रंगूबाई म्हणाली. "माजी उद्या मिटिंग हाय."

मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली. रंगूबाईने ती रुमालात गुंडाळून, रुमाल पिशवीत घालून, पिशवी मांडीवर धरून घरी आणली.

गुरुवारी बैठक. अध्यक्ष गुंडाभाऊ पायरीवर थांबले, तोंडातला तंबाखूचा बार कुंपणापलीकडे मोकळा केला, चूळ भरली आणि 'तंबाखूमुक्त शाळा' या पाटीखालून वाकून आत आले. इतर तीन सभासदांनीही तसंच केलं. शिस्त म्हणजे शिस्त. रंगूबाई आणि अख्तरबी दाराशी उभ्या राहिल्या.

सरांनी चिठ्ठी वाचून दाखवली. औषधामुळे दातांवर डाग येऊ शकतात व चवीत बदल होऊ शकतो.

"येऊ शकत्यात," गुंडाभाऊ म्हणाले. "पण मिश्री लावत न्हाई असं कुटं लिवलंय?"

"डाक्टर माज्या घरात ऱ्हात्यात व्हय?" रंगूबाई म्हणाली.

"मावशी, तुमच्यावर आमचा राग न्हाई. पण सायेब लोक दात बघनार. आन् खिचडी? माजी नात दोन दिस जेवली न्हाई. समुद्रातनं काढल्यागत खिचडी. कवापासनं चाललंय ह्ये, सर?"

सरांनी घाईने चव नोंदवही उघडली. खिचडी वाढण्याआधी एका शिक्षकाने आणि एका पालकाने चाखायची आणि शेरा लिहायचा असा नियम आहे. त्यांनी एक पान बघितलं, दुसरं बघितलं आणि वही मिटली.

"वाचा की," गुंडाभाऊ म्हणाले.

सरांनी वही काखेत धरली. तेव्हा अख्तरबी पुढे आली. तिचं शिक्षण सातवीपर्यंत, पण त्या खोलीत त्या घडीला तिचाच आवाज मोठा होता. तिने वही ओढून घेतली.

"मंगळवार. 'चव उत्तम, मीठ योग्य.' सही सरांची, सही गुंडाभाऊंची. बुधवार. 'चव उत्तम, मीठ योग्य.' सही, सही. गुरुवार, म्हंजी आज. 'चव उत्तम...' आवं, आज तर आजून चूल पेटली न्हाई! शुक्रवार बी उत्तम हाय. गुंडाभाऊ, उद्याची खिचडी कवा खाल्लीसा?"

बाहेर तिसरीची पोरं पाढे म्हणत होती. दर शनिवारी पुढच्या आठवड्याचे शेरे लिहून सर वही अध्यक्षांच्या घरी पाठवतात, ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. पण माहीत असणं वेगळं आणि मोठ्याने वाचलं जाणं वेगळं. खिचडी खारट म्हणून बाईला काढायचं, तर वही खोटी ठरते. वही खरी धरायची, तर बाईच्या हाताला तोड नाही.

"तसं बघितलं तर," सर घसा साफ करत म्हणाले, "तक्रार लेखी नाहीच."

"लेखी न्हाई," गुंडाभाऊ म्हणाले. "पोरं काय, कायबी बोलत्यात."

ठराव झाला. स्वयंपाकी तीच राहील, मीठ अख्तरबीने चमच्याने मोजून घालावं, आणि तपासणीच्या दिवशी रंगूबाईने आजारी पडावं. सर्वानुमते.

रंगूबाई हलली नाही. "आन् मिश्रीचं?" तिने विचारलं.

"जाऊ द्या आता मावशी," गुंडाभाऊ मोठ्या मनाने म्हणाले. "माफ केलं."

"माफ कशापायी? म्या लावतच..."

"केलं म्हनलं न्हवं? आता इषय काडू नका."

अख्तरबीने तिला कोपराने ढोसलं. नोकरी राहिली होती. दोघी चुलीकडे गेल्या. रंगूबाई पाटावर बसली आणि तिने तांदळाचं सूप मांडीवर घेतलं. निवडलं मात्र अख्तरबीनेच.

"खरं सांगून उपेग न्हाई झाला बग," रंगूबाई म्हणाली. "खोट्या वहीनं वाचीवलं."

"वाचलीस नव्हं? मग गप."

संध्याकाळी टँकर आला. घागरींच्या रांगेत दीपमाला पुढे होती. ती मागे वळली, रंगूबाईच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाली, "आता तर ठिवली तुला कामावर. आता तरी खरं सांग की गं. लावतीस का न्हाई?"

रंगूबाईच्या दोन्ही हातांत कळश्या होत्या. शपथ घ्यायला हात मोकळा नव्हता, आणि असता तरी उचलायची ताकद उरली नव्हती.

"व्हय बाई," ती म्हणाली. "लावती. झालं?"

दीपमालाच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू तिचीच घागर भरली. तिने इकडेतिकडे बघितलं, जवळ सरकली आणि हळूच तळहात पुढे केला.

"मग चिमूटभर दे की. माजी कालपासनं संपलीया."

रंगूबाई तिच्या तळहाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "न्हाई माज्याकडं."

रात्रीपर्यंत गावात नवीन बातमी होती. रंगूबाई मिश्री लावते ते लावते, वर द्यायचं झालं तर कंजूषही आहे.