आईला एक हात जास्त

रंगाऱ्याचे वडील गिलाव्याचे कारागीर होते. चौकातल्या जुन्या इमारतीच्या खिडक्यांवर त्यांनी चुन्याचे बायकांचे चेहरे घडवले आणि त्यांतल्या एकीला गुपचूप आपल्या बायकोचं तोंड दिलं. मालकाला त्याचा पत्ताही लागला नाही. तिचा फोटो कधी कुणी काढला नव्हता. त्यामुळे ती गेल्यावर मुलाला आई बघायची तर मान वर करावी लागे.

पुढे इमारत रंगवायचं काम त्याच्याकडेच आलं. इतर चेहऱ्यांना रंगाचे दोन हात, आईला मात्र तीन. जुना रंग न खरवडता वर नवा फासायचा, ही त्याची खोड. मालकाला घाई, याला कंटाळा. दोघांचं छान जमायचं. आईच्या गालावरची खळी बुजली, मग ओठ, मग पापण्या. खालून मात्र ती दर खेपेला जास्तच झकपक दिसे आणि त्याचा ऊर भरून येई.

मग एका चेहऱ्याची हनुवटी रस्त्यावर पडली. मालकानं धसका घेतला आणि रंगारी परगावी लेकीकडे गेलेला असताना सगळे चेहरे उतरवून अंगणात टाकले. रंगारी लेकीला घेऊन धावत आला.

"हवा तो घेऊन जा," मालक म्हणाला. "बाकीचे उद्या भरावात जातील."

चेहरे उकडलेल्या बटाट्यांसारखे ओळीनं पडले होते. कुठला कुठल्या खिडकीवरचा, ते उतरवणाऱ्यांनाही सांगता येईना. रंगारी एकेकावर वाकून बघत गेला. पोटच्या पोराला आई ओळखू येईना, याहून नामुष्की ती काय!

"बाबा, आजीची काही खूण?"

"खळी होती गं. मीच बुजवली."

शेवटी तो खाली बसला आणि चेहरे सोडून त्यांच्या तुटक्या कडा बघू लागला. कडेला रंगाचे थर दिसत होते. एकाचा थर बाकीच्यांहून चांगलाच जाड होता. त्याला ना नाक होतं, ना डोळे. सगळ्यांत सपाट तोच.

"हीच," तो म्हणाला आणि तिथेच रडला.

घरी लेकीनं खरवडायची पट्टी हातात दिली. त्यानं कानापासून सुरुवात केली.

"तोंडापासून करा ना, बाबा!"

"नको. रंगाबरोबर चुनाही सुटतो. गेलाच तर कान जाऊ दे. नाहीतरी माझं ऐकायला तिनं तो कधी वापरला नाही."