अर्धी सुई

दुष्काळात आमच्याकडे कोरा चहा असायचा. गाय होती, पण दूध गावच्या सोसायटीला जायचं. त्यामुळे चहात दूध दिसलं की पाहुणा कप उचलायच्या आधी विचारायचा, "गाय बिमार हाय का?"

कारण सोसायटीचा नियमच तसा होता. जनावराला सुई टोचली की औषध अंगातून जाईपर्यंत, आठवडाभर तरी, त्याचं दूध घ्यायचं नाही. शहरातल्या लोकांच्या पोटात औषध जाऊ नये म्हणून. ते दूध ओतून द्या असं सांगितलं होतं खरं, पण दुष्काळात दूध ओतणाऱ्याला गावानं वेड्यात काढलं असतं. मग ते आम्ही प्यायचो. शहरातली पोटं नाजूक, आमची सोसायटीची सभासद.

सोसायटीचे चेअरमन आमचे वडील, अण्णा. नियमावर त्यांचं भाषण ऐकावं! मग आमच्याच गायीला दगडी झाली. कास सुजून टणक झाली, सुई टोचायची वेळ आली आणि चेअरमनचंच दूध बंद होणार असं दिसू लागलं. पेंड आणि किराणा त्याच दुधावर यायचा. आईनं त्या गायीला कालवड असल्यापासून वाढवलेलं. ती म्हणाली, "आधी गाय बगा."

नांदूरघाटचे डॉक्टर औषध ठेवून गेले. बजावून गेले, "पुरी दवाई टोचा. अर्ध्यानं रोग मरत न्हाई, शाना होतो."

अण्णा त्यांच्याहून शहाणे. "सुई अर्धी, तर बंदी बी अर्धी," म्हणाले. उरलेलं औषध त्यांनी शेजाऱ्याच्या गायीला दिलं. यालाच सहकार म्हणतात.

सूज उतरली. दूध लवकर सुरू झालं आणि अण्णांचं लई नाव झालं. गावभर अर्धी सुई चालू झाली.

पुढच्या उन्हाळ्यात कास पुन्हा सुजली. या वेळी डॉक्टरांनी स्वतः पुरी सुई दिली, मग दुसरी दिली. गुण येईना. आई गरम पाण्यानं शेकत बसायची, गाय लाथ झाडायची आणि आई रडायची. मलाही बघवत नव्हतं. शेवटी चार सडांपैकी दोन कायमचे आटले.

अण्णा गोठ्यात उभे होते. "पुरी सुई देऊन बी असं कावून झालं?"

आईनं उरलेल्या दोन सडांखाली चरवी धरली. मान वर न करता म्हणाली, "अर्धी सुई, अर्धी गाय. हिशोब बरोबर हाय, चेअरमन."