जेवणाच्या सुट्टीतला डेटा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. देहूरोडला आमच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हाच देवऋषी, उतारे, अंगात येणं हे सगळं घरातून हद्दपार झालं. वडील लष्कराच्या डेपोत नोकरीला. कोणी भुताचं नाव काढलं की "चल दाखव, कुठंय?" म्हणून त्याच्या मागेच लागायचे. मी त्यांचीच मुलगी. तेव्हा खालचं वाचून कोणी मला लिंबू-मिरची बांधायला सांगू नये... भांडण होईल.

माझं काम सर्व्हर आणि स्टोरेजचं. लोणावळ्याजवळ एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, नाव सांगणार नाही. जुन्या हायवेला लागून, मागे थेट डोंगर. तळमजल्यावर एक्स-रेची खोली आणि तिला चिकटून, पूर्वी जिथे चादरी ठेवायचे तिथे, सर्व्हर. मावळातला पाऊस, डोंगराचा पायथा आणि सर्व्हर तळमजल्यावर! ज्याने ही जागा निवडली त्याला माझा साष्टांग नमस्कार. ट्रस्टींनाही उशिरा का होईना भीती वाटली. म्हणून ठरलं की पेशंटचे सगळे फोटो, सगळे रिपोर्ट यांची कॉपी सतत आमच्या चिंचवडच्या डेटा सेंटरला जात राहावी. इकडचं बुडालं तर तिकडून काम चालू. मी फक्त एवढंच सांगायचं होतं की मधली लाईन केवढी लागेल.

तिथले प्रशासक शिंदे सर. माणूस वाईट नाही, पण घाई फार. त्यांनी पहिल्याच भेटीत एकूण डेटा किती ते सांगितलं आणि म्हणाले, "करा भागाकार."

"सर, टाकी केवढी ते नको मला," मी म्हणाले. "रोज त्यात किती पाणी बदलतं ते हवं. आणि पाइप सरासरीवर घ्यायचा नसतो. सगळ्यात जास्त लोंढा येतो ना, त्यावर घ्यायचा. नाहीतर डेटा रांगेत उभा राहतो. तेवढ्यात इकडचं मशीन मेलं, की रांगेतलं सगळं गेलं."

मग मोजणी लावली. शनिवार-रविवारी टुरिस्ट पडतात-झडतात, तेव्हा एक्स-रे वाढतात, ते अपेक्षितच होतं. पण रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ग्राफ सरळ उभा चढायचा. रोज! सकाळी काढलेला प्रत्येक फोटो पुन्हा उघडून पुन्हा सेव्ह होत होता. म्हणजे सकाळभराचा सगळा डेटा नव्याने लिहिला जात होता. त्या वेळी एक्स-रेच्या खोलीला बाहेरून कडी. टेक्निशियन वर्षा कँटीनमध्ये माझ्यासमोर बसून पोहे खात होती, मी स्वतः पाहिलंय.

मला वाटलं व्हायरस. नव्हता. एखादा प्रोग्रॅम वेळ लावून ठेवलाय का, तेही पाहिलं. काही नाही. लिहिणाऱ्याचं लॉगिन पाहिलं — दत्ताराम. वर्षाला विचारलं तर तिचा चेहराच उतरला. "मॅडम, ते माझ्या आधी होते. वारले. हार्ट अटॅक." लॉगिन कधीच बंद केलेलं होतं. मी तपासलं, खरंच बंद होतं.

आयाचं काम करणाऱ्या शांतामावशी तिथे फरशी पुसत होत्या. बाई वरच्या वाडीतली. मान वरसुद्धा केली नाही. म्हणाल्या, "मंग त्योच असंल. दत्ताभाऊ सकाळचं समदं फोटू परत बघितल्याबिगर डबा सोडत नव्हता. एकदा कुनाचा तरी डावा पाय उजवा झालता, तवापासनं त्येनं ती शिस्तच लावून घेतलती."

"मावशी, माणूस गेला ना पण?"

"गेला की. काम ऱ्हायलं आसंल."

मला रागच आला. दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्यावर मी त्या खोलीत जाऊन बसले. एकटी. भर दुपार, बाहेर स्वच्छ ऊन. एक्स-रेच्या कॉम्प्युटरची नेटवर्क केबल उपटली आणि हातात धरून बसले. मांडीवर माझा लॅपटॉप, त्यावर ग्राफ. म्हटलं, आता लिही बघू!

ग्राफ चढायला लागला. एकेक फोटो, शांतपणे, ओळीने. आणि कुठल्या मशीनवरून? याच. ज्याची केबल माझ्या हातात होती... अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू, पळून जावंसं वाटलं. पण मी उठले नाही. मी मोठ्याने म्हणाले, "कोण आहेस माहीत नाही. पण डेटा बदलतोय, तर तो मोजणार मी."

शिंदे सरांना रिपोर्ट दिला तर ते उसळले. "अहो, दुपारचा भाग काढून टाका ना! जेवणाच्या वेळेला कोण काम करतंय? निम्म्या लाईनीत भागेल."

"कोण करतंय ते मला विचारू नका. होतंय एवढं खरं. निम्मी लाईन घेतलीत तर दुपारचा डेटा संध्याकाळपर्यंत रांगेत पडून राहील."

"भुताटकीसाठी बँडविड्थ घेऊ का?"

"घ्या. नाहीतर माझ्या सहीशिवाय काम करा."

दोन बैठका भांडले. आमचे साहेबसुद्धा म्हणाले, अगं जाऊ दे ना, क्लायंट म्हणतोय तसं कर. नाही केलं! माझ्या आकड्यात खोट निघाली असती तर मी मुकाट बदललं असतं. खोट नव्हती. शेवटी ट्रस्टींपैकी एका म्हाताऱ्या डॉक्टरबाईंनी माझी बाजू घेतली आणि मोठी लाईन आली.

पावसाळ्यात जे व्हायचं तेच झालं. दोन दिवस कोसळत होता. त्या दुपारी चहाच्या वेळेला डोंगरावरचं पाणी मागच्या भिंतीतून आत घुसलं आणि सर्व्हर गुडघाभर गढूळ पाण्यात गेला. मशीन मेलं ते मेलंच, त्यातलं नंतरही काही निघालं नाही. मी चिंचवडला होते. तिकडची कॉपी चालू केली आणि हॉस्पिटलचं काम आमच्याकडून सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरच्या थिएटरमध्ये टाकवे बुद्रुकच्या हिराबाईंचं ऑपरेशन होतं. एक किडनी पार सडलेली, ती काढायची. आदल्या दिवशी सकाळी शिरेतून औषधी रंग सोडून त्यांच्या किडन्यांचा एक्स-रे फोटो काढला होता. छोट्या डॉक्टरांनी तो लगेच पाहून केसपेपरवर लिहिलं होतं, डावी. ऑपरेशनची तयारीही डाव्या बाजूची. सर्जनची सवय अशी की हात धुण्याआधी फोटो स्वतः बघायचा. आमच्याकडून आलेला फोटो त्यांनी उघडला. त्यावर सडलेल्या किडनीच्या बाजूला खूण होती — उजवी.

ते थांबले. बाईंना टेबलावरून उतरवून पुन्हा सोनोग्राफी केली. खराब किडनी उजवीच होती. वर्षाने सकाळी गडबडीत फोटोवर डाव्या-उजव्याचं अक्षर चुकीच्या बाजूला टाकलं होतं, बिचारी ढसाढसा रडली. डावी काढली असती तर बाई कायमच्या डायलिसिसच्या मशीनवर गेल्या असत्या... किंवा तेवढंही नाही.

मी त्या फोटोचा इतिहास उघडला. सकाळी वर्षा. जेवणाच्या सुट्टीत दत्ताराम. दुरुस्ती झाल्यानंतर लगेच ती चिंचवडला पोचलेली होती. निम्म्या लाईनवर ती संध्याकाळी पोचली असती, म्हणजे पोचलीच नसती. आमच्याकडे फक्त सकाळचा, चुकीचा फोटो राहिला असता.

चौकशीत शिंदे सर हळूच म्हणाले, "मॅडम, सिस्टीमने आपोआप दुरुस्त केलं असं लिहूया." मी म्हणाले, सिस्टीमला डावं-उजवं कळत नाही सर. मी लिहिलं, दुरुस्ती कोणी केली ते समजलेलं नाही. तुमच्यात कोणी या धंद्यातलं असेल तर जरूर डोकं चालवा, माझे सगळे प्रश्न विचारून झालेत.

वडिलांना सांगितलं. मला वाटलं आता "दाखव, कुठंय?" म्हणणार. ते एवढंच म्हणाले, "माणूस कामाचा होता."

दिवाळीनंतर हिराबाईंचा मुलगा आंबेमोहोराची पिशवी घेऊन सेंटरला आला. "ताई, आय आता शेताव जाती. कुनी वाचवलं त्येचं नाव सांगा, त्येच्या घरी बी तांदूळ द्यायचं हायती."

मी शांतामावशींना फोन लावला आणि दत्ताभाऊंच्या घरचा पत्ता विचारला.