वरच्या मजल्यावरची भवानी

बदलापूरकडच्या पाड्यावरून भिकीबाई भाजीचा भारा घेऊन यायची आणि मंडईसमोर रस्त्याकडेला बसायची. मंडईची नवी इमारत झाली, वरच्या मजल्यावर तिला फरशीचा ओटाही मिळाला. पण गिऱ्हाईक काही जिना चढेना, म्हणून ती आपली पुन्हा खाली. वर कबुतरं सुखाने नांदू लागली.

मग नगरपालिकेच्या कचेरीला जाग आली. इमारत लोकांना कितपत मानवली, हे तपासायला मुंबईहून विनीत नावाचा तज्ज्ञ येणार होता. कबुतरांना हाकललं, भिंतींना रंग फासला आणि विष्णुपंत साहेबांनी फर्मान काढलं, "उद्या सगळ्यांनी वर बसायचं. शेरा चांगला मिळाला की रस्त्यावरचं बसणं कायमचं बंद."

भिकीबाईने मनाशी हिशोब मांडला. वर बसून तिची चूल पेटणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी विनीत तिच्या ओट्याशी वाकला. "मावशी, इथे हवा खेळती आहे ना?"

"हवाच खेळतेय, दादा. गिऱ्हाईक काय फिरकत नाय."

विष्णुपंत खाकरले. "समाधानी आहे ती. लिहून घ्या."

"भवानी झाल्याबिगर मी कायबी सांगत नाय," भिकीबाई म्हणाली. दिवसाच्या पहिल्या विक्रीच्या आड साहेब तरी कसे येणार?

तेवढ्यात खालून हाक आली. समोरच्या कापडदुकानातला हरेशशेठ, तिचं रोजचं पहिलं गिऱ्हाईक. "भिकीबाई, ऊपर जाके बैठी, मेरे घुटने को पूछा क्या?"

भिकीबाई उठली. भाऱ्याची दोरी टोपलीला बांधली, मेथीच्या जुड्या टाकल्या आणि टोपली खिडकीतून खाली सोडली. पैसे घेऊन टोपली वर आली, तेव्हा भिकीबाईने नोट कपाळाला लावली. मग शेजारणींनीही दोऱ्या शोधल्या. बघता बघता खिडक्याखिडक्यांतून टोपल्या लोंबू लागल्या.

"खिडक्या मात्र फार विचारपूर्वक ठेवल्यात," विनीत म्हणाला. विष्णुपंत खूश झाले. ती चेष्टा होती हे त्यांना जिना उतरल्यावर कळलं.

हा जिना गिऱ्हाइकाला वर आणणार नाही, असं विनीतने अहवालात स्वच्छ लिहिलं. उपाय म्हणून कचेरीने लिफ्ट मंजूर केली आणि लिफ्ट बसेपर्यंत बायांना खाली बसायची परवानगी दिली.

आता भिकीबाई दर सोमवारी शिवमंदिरात नारळ ठेवते. "देवा, ती लिफ्ट येऊ देऊ नको."

कचेरीचा कारभार बघता देवाला यात हात घालावाच लागणार नाही, असं हरेशशेठचं मत. पण भिकीबाई नारळ चुकवत नाही. कोण जाणे, एखादा कामसू साहेब बदलून यायचा.