कोणाला काय म्हणायचं

लाओसमधल्या सावन्नाखेतची लात्सामी व्हिएतनामच्या ह्वे शहरात वनशास्त्र शिकायला आली, तेव्हा पहिले काही आठवडे गल्लीतल्या बायकांनी तिला मुकीच ठरवून टाकलं होतं. पोरगी गोड हसायची, मान डोलवायची, बोट दाखवून शेवयांचा वाडगा मागायची. पण तोंडातून शब्द म्हणून निघायचा नाही.

भाषा तिला तशी बरी येत होती. अडायचं एकाच ठिकाणी. घरी लाओ बोलताना परकं माणूस समोर आलं, तर सरळ 'मी' आणि 'तुम्ही' म्हणून वेळ मारून नेता यायची. इथे ती सोय नव्हती. समोरची बाई मावशी की काकू, ताई की आजी, हे आधी ठरवायचं. त्यावरून आपण तिची भाची की धाकटी बहीण ते ठरवायचं. आणि मग कुठे 'मावशी, भाचीला एक वाडगा द्या' म्हणायचं. तोवर मागचं गिऱ्हाईक पुढे घुसलेलं असायचं. एकदा घाईत तिने कॉलेजच्या म्हाताऱ्या रखवालदाराला 'भाच्या' अशी हाक मारली. तो नातवंडांचा धनी उठून उभा राहिला, कडक सलाम ठोकून म्हणाला, "या मावशी, सायकल इकडे लावा." त्या दिवसापासून लात्सामीने तोंडाला कुलूपच घातलं.

तिची घरमालकीण लिऊ साठी ओलांडलेली विधवा होती. एके दुपारी जेवताना तिने विषय काढला.

"सामी, तुला बोलता येत नाही, का आमच्याशी बोलायचंच नाही?"

लात्सामीचे डोळे भरून आले. तिने सगळं सांगितलं, रखवालदारासकट. लिऊला इतकं हसू आलं की हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवाव्या लागल्या.

"एवढंच ना? अगं, मग वय विचारायचं."

"पहिल्याच भेटीत? बरं दिसतं का ते?"

"न विचारणं वाईट दिसतं. तू आलीस त्या दिवशी मी तुला दारातच विचारलं, ते काय चौकशा करायची हौस म्हणून? आणि लाजच वाटली, तर केस बघ. पांढरे दिसले की आजी. मी मावशी, कारण मला आजी म्हटलेलं खपत नाही."

या गुरुमंत्रावर लात्सामीचं गाडं चालू लागलं. शेवयावालीचं वय कळलं, तशी ती तिची 'ताई' झाली आणि वाडग्यात न मागता जास्तीची कोथिंबीर पडू लागली. दुपारी सगळी गल्ली झोपते, तेव्हा तीही निमूट आडवी व्हायला शिकली. रविवारी मात्र ती घरून आणलेल्या वेताच्या टोपलीत चिकट तांदूळ वाफवायची आणि बोटांनी गोळे करून खायची. लिऊ म्हणायची, "आमच्याकडे हा सणासुदीचा भात. तुझा बाई दर आठवड्याला सण."

मग पावसाळा लांबला. शेवाळलेल्या अंगणात लिऊ घसरली आणि तिचं मनगट मुरगळलं. तेही नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी. तिचा मुलगा म्हणाला, "आई, श्राद्धाचा चिकट भात बाजारातून आणतो."

"तुझ्या बापाने जन्मात बाजारचा भात खाल्ला नाही. आता मेल्यावर खाईल?"

लात्सामी हळूच म्हणाली, "मावशी, भात मी करू का?"

लिऊने तिच्याकडे बघितलं, मग आपल्या सुजलेल्या हाताकडे. "कर. पण मूग घालायचे. आणि माझ्या नणंदेसमोर बोटांनी खाऊ नकोस."

श्राद्धाच्या सकाळी टोपलीवर वाफ धरली. लात्सामीने टोपली झटक्यासरशी उसळवली, भाताचा अख्खा गोळा हवेत उलटा होऊन परत टोपलीत पडला. भाजी चिरणाऱ्या बायका बघतच राहिल्या. ताट देव्हाऱ्याशी गेलं, उदबत्त्या लागल्या, आणि तेवढ्यात ती नणंद आली. थिन तिचं नाव. अंगात जांभळं रेशीम, केस काळेभोर. लात्सामीने केस पाहिले आणि आदराने खुर्ची पुढे केली.

"ताई, बसा ना."

लिऊने कपाळावर हात मारला, तोही मुरगळलेला.

थिनने विचारलं, "किती वर्षांची दिसते मी तुला?"

"पन्नास... फार तर बावन्न."

"बहात्तर." म्हातारी सावकाश बसली. "पण मला ताईच म्हण. हिची चूक कोणी सुधारायची नाही, सांगून ठेवते."

"वन्सं, मला ती मावशी म्हणते," लिऊ म्हणाली. "म्हणजे मी तुमच्याहून मोठी झाले की."

"मग वाक, हात जोड आणि मान दे आजीच्या या बहिणीला," थिन सोबत आलेल्या नातवाला लात्सामीकडे बोट करून म्हणाली, आणि सगळं घर हसलं. भाताची दुसरी वाढणी तिने मागून घेतली. तोंड पुसत म्हणाली, "माझ्या सासूचं श्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. भाताला धाकटीलाच बोलावते."

दुसऱ्या वर्षी लात्सामीला वसतिगृहात जागा मिळाली, पण ती लिऊकडेच राहिली. थिनच्या घरी काही निघालं की तिचा चोवीस वर्षांचा नातू स्कूटर घेऊन न्यायला येतो. लात्सामीहून तो चार वर्षांनी मोठा आहे. पण ती त्याच्या आजीची धाकटी बहीण, तेव्हा हिशोब चुकवून चालत नाही. फाटकाशी हॉर्न वाजवून तो तोंड पाडून हाक मारतो, "धाकट्या आजी, चला."

"आले हं, बाळा," ती म्हणते आणि टोपली सावरत मागे बसते.