हळर्णचा बंद पडलेला गॅस

गडहिंग्लजकडचा केरबा गवंडी गोव्यात आला तो इमारतींच्या कामावर. नाव झालं ते मात्र गोबरगॅसच्या खड्ड्यांमुळे. पेडणे-डिचोलीत त्याने एकोणीस बांधले. बंद घुमटात शेणपाणी आंबलं की चूल पेटते, हे लोकांना बोलून पटत नसे. म्हणून पहिली निळी ज्योत लागेपर्यंत तो त्या घरून हलत नसे. हलला तरी काळजी सुटत नसे, ती वेगळीच.

शहाऐंशीच्या डिसेंबरात हळर्णच्या शिवदासचं कार्ड आलं; त्याचा खड्डा केरबानेच बांधलेला. गॅस बंद पडला होता, त्याची बायको विनोदिनी पुन्हा लाकडांवर रांधत होती, धुराने तिचे डोळे सुजले होते. खड्ड्यात वर शेणाचा थर साचून घट्ट झाला असणार, हे केरबाने ओळखलं. त्याने उलट कार्ड टाकलं : ‘बुधवारी येतो. वरची मळी बादलीनं काढा. मी आल्याबिगर आत उतरू नका.’

बुधवारी कोंकणी-मराठीच्या भाषा आंदोलनाने रस्ते अडवले होते. आडव्या पाडलेल्या झाडांपुढे बस थांबली ती थांबलीच. गुरुवारीही तेच. मये गावातल्या चालू कामावर बसून केरबाला घास गिळेना. शिवदास उतावळा माणूस. शुक्रवारी सकाळी तो चालतच निघाला आणि होडीने नदी उतरून दुपारी हळर्णला पोचला.

अंगणातूनच विनोदिनीची हाक ऐकू आली. ती खड्ड्याच्या तोंडाशी वाकली होती.

“केरबा, हे आताच शिडीवरून खाली भितर देवले! हाक मारली तर ओ देत नाहीत!”

ती शिडीवर पाय ठेवणार, तोच केरबाने तिचा दंड धरला.

“वैनी, न्हाई! तुमीबी तितंच पडाल!”

“सोड मला!”

त्याने सोडलं नाही. खाली शिवदास भिंतीला टेकून कलंडला होता. केरबालाही उडी टाकावीशी वाटली. शेजारचा धाकू धावत आला. त्याच्या खळ्यात भात उफणायचा हाताने फिरवायचा पंखा होता.

“पंखा आण! बिडी टाक आधी!”

पंखा तोंडाशी लावून धाकू जीव खाऊन फिरवू लागला. केरबाने आंबे काढायच्या काठीला दोरीचा फास बांधला आणि पालथा पडून खाली सोडला. दोनदा फास घसरला. तिसऱ्यांदा शिवदासच्या काखेत बसला. तिघांनी ओढून त्याला वर घेतलं. ओठ निळे पडले होते. केरबा त्याची छाती चोळत राहिला. बऱ्याच वेळाने शिवदासने मोठा श्वास घेतला आणि ओकला.

म्हापशाच्या इस्पितळातून तो आठवड्याने परतला. जिना चढताना पुढेही त्याला दम लागे.

केरबाने नवं काम घेतलंच नाही. पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन तो आपल्या जुन्या खड्ड्यांवर फिरला आणि प्रत्येकाच्या तोंडाशी लिहीत गेला : ‘आत उतरू नका. वारा विषारी.’ मोरजीत एकाने हटकून कोंकणीत लिहायला सांगितलं, “हे मराठीत कित्याक? कोंकणीत बरय!”

“तुमी सांगा, मी लिवतो,” केरबा म्हणाला. त्याने दोन्ही भाषांतल्या ओळी रंगवल्या आणि घरातल्या प्रत्येकाकडून त्या मोठ्याने वाचून घेतल्या.