सव्वा महिन्याच्या आत: लातूर ते इस्लापूर

सप्टेंबरात सहस्रकुंडाचा धबधबा बघायचा, एवढंच ठरवून मी पुण्याहून निघाले. कॉलेजच्या होस्टेलातली माझी मैत्रीण शुभांगी लातूरला बालरोगतज्ज्ञ आहे. तिला फोन केला तर म्हणाली, "मी परवा इस्लापूरलाच चालले आहे. धबधबा तिथून जवळ. चल माझ्या गाडीत, फक्त वाटेत माझी कामं असतील." प्रवासाचा प्रश्न सुटला म्हणून मी हो म्हटलं. कामं कसली, ते विचारलं नाही.

पुण्याहून लातूरला सकाळची एसटी धरली तर संध्याकाळी उजेडात पोचता. बार्शीच्या पुढे रस्ता बरा आहे आणि दोन्ही बाजूंना सोयाबीनच सोयाबीन.

दुसऱ्या दिवशी शुभांगीकडे नाश्त्याला सुशीला होता. भिजवलेले मुरमुरे, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट. लातूरला जाऊन हा खाल्ला नाही तर चुकलं. गाडी चालवायला सलीमभाई. मागच्या सीटवर सुटकेसएवढी पेटी होती, तिला पट्टा लावलेला. "कॅमेरा आहे," शुभांगी म्हणाली. "बाळाच्या डोळ्याच्या आतला पडदा दिसतो."

शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर तिने समजावून सांगितलं. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या कधी कधी वेड्यावाकड्या वाढतात. बाहेरून डोळे छान दिसतात. साधारण महिन्याच्या आत तपासणी झाली आणि गरज असेल तिथे लगेच लेसर केलं, तर नजर वाचते. उशीर झाला की काही करता येत नाही.

शिरूरला आम्ही मंगलताईंच्या घरी थांबलो. त्यांची मुलगी राधा तीन वर्षांची. आमची चाहूल लागताच ती भिंतीला हात लावत दारापर्यंत आली आणि शुभांगीच्या ओढणीचा वास घेऊन म्हणाली, "दवाखान्याची मावशी." राधाला दिसत नाही.

"लई गुणाची हाय," मंगलताई म्हणाल्या. "पाऊल वाजलं की कोण आलं ते सांगते." शुभांगीने राधाचं वजन-उंची घेतली, अंधांच्या शाळेच्या अर्जाचं बोलली, चहा प्यायली. निघताना मंगलताई तिला म्हणाल्या, "कुनी ऐकलं न्हाई तर मला फोन लावा मॅडम. मी बोलते."

अहमदपूरच्या अलीकडे शुभांगी म्हणाली, "राधा जन्मली तेव्हा सव्वा किलोची होती. जगली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. डोळ्यांचं मला वेळेत सुचलं नाही."

त्यानंतर तिने लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतल्या काही डॉक्टरांना जोडून अभ्यास सुरू केला: घरी सोडलेली बाळं तपासणीला परत का येत नाहीत? त्यांना वाटलं होतं, अंतर किंवा भीती. घरोघरी विचारल्यावर वेगळंच निघालं. बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत. तपासणीची मुदत नेमकी त्यातच संपते. म्हणून आता कॅमेराच घरी जातो.

मुक्काम नांदेडला. स्टेशनजवळ खोल्या सहज मिळतात. जेवायला तहरी, म्हणजे इथला मसालेदार भात, मागवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. भोकरला चहा आणि पेट्रोल उरकून घ्या. पुढे हॉटेलं तुरळक आहेत आणि हिमायतनगरनंतर खड्डे. इस्लापूरला ज्या घरी गेलो तिथे सविता नावाच्या बाळंतिणीचं, फार लवकर जन्मलेलं बाळ एकोणतीस दिवसांचं होतं. दवाखान्यातून तीनदा फोन गेले होते. उत्तर एकच: सव्वा महिना झाल्यावर येतो.

सविताच्या सासूबाईंनी घरातल्या घरात तपासायला परवानगी दिली. डोळ्यांत थेंब टाकून पाऊण तास थांबावं लागतं. मग पापण्या उघड्या ठेवायला बारीक चिमटा लावतात. बाळ किंचाळलं. मी ओट्यावर जाऊन बसले. शुभांगीने फोटो नांदेडच्या नेत्रतज्ज्ञांना पाठवले आणि अर्ध्या तासात त्यांचा फोन आला: आजच आणा.

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "लेकरू आत्ता कुठं बाळसं धरून राहिलं. डोळे तर चकचक करून राहिले त्याचे. आठ दिवसांनी नेऊ की."

"आठ दिवसांनी उपयोग नाही, आजी."

"तुमी तर तसंच म्हननार."

सविता दाराआड उभी होती. तिचा नवरा आईकडे बघत होता. शुभांगी वाद घालेल असं मला वाटलं. तिने मंगलताईंना फोन लावला आणि तो सासूबाईंच्या हातात दिला.

पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही. सासूबाई नुसत्या "हाव... हाव" म्हणत होत्या. मग त्यांनी विचारलं, "काहीच दिसत न्हाई? उजेडबी न्हाई?" आणि ओसरीवर बसल्या. फोन परत देताना म्हणाल्या, "सविता, टोपरं आन. कानाला वारं लागू द्यायचं न्हाई." बाळाला त्यांनी स्वतः गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. "काचा लावा," त्यांनी सलीमभाईंना बजावलं.

गाडी भरली. नवरा मोटारसायकलवर मागून निघाला. मी रिक्षाने सहस्रकुंडला गेले.

धबधबा मोठा आहे. काळ्या खडकांवरून पैनगंगा अनेक धारांनी कोसळते, आवाजापुढे शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. खडक निसरडे आहेत, कठड्याच्या आतच राहा. डबे सोडून बसलेल्या कुटुंबांमध्ये मी तासभर होते. फोटो काढले. दर पाच मिनिटांनी फोनही बघत होते. रात्री नांदेडच्या एसटीत असताना शुभांगीचा फोन आला: "दोन्ही डोळ्यांना लेसर झालं. बाळ दूध प्यायलं."

"दिसेल?"

"बहुतेक. आठवड्याने कळेल."

पुण्याला येऊन आता दोन महिने झाले. बाळाचा उजवा डोळा चांगला आहे, डाव्याला पुढे चष्मा लागेल, असं तपासणीत निघालं. शुभांगीच्या गटाने घरी सोडतानाच्या कागदात एक नवा रकाना वाढवला आहे: घरातला निर्णय कोण घेतं, त्यांचा फोन नंबर. पूर्वी तपासणीची तारीख फक्त आईला सांगत.

सहलीला गेले होते, असं मी अजूनही म्हणते. धबधब्याचे फोटो लोकांना आवडतात. कोणी विचारलं तर मी रस्ता, मुक्काम सगळं सांगते, पण माझं बोलणं हटकून इस्लापूरच्या त्या घराकडे वळतं.

परवा सविताशी बोलले. शुभांगीने तिला एक साधी परीक्षा शिकवली होती: आवाज न करता बाळासमोर लाल फडकं हलवायचं आणि नजर मागे जाते का बघायचं. आठवड्यातून एकदा पुरे. "जाते की," सविता हसत म्हणाली. "पर आमच्या सासूबाई दिवसातून चारदा हलवून बघतात. फडकं धुवायलाबी देत न्हाईत."